पाच मिनिटे दहा सेकंदांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उत्तेजक औषधे घेतलेल्या खेळाडूंसाठी वेगळी स्पर्धा भरवावी, हे बोलणे आता नुसते बोलणे राहिलेले नाही. 2025 च्या मे महिन्यात अमेरिकेतील लास वेगास येथे ‘एनहान्स्ड गेम्स’ या नावाने अशा स्पर्धेची रीतसर घोषणा झाली. पोहणे, कमी पल्ल्याचे धावणे आणि वेटलिफ्टिंग हे तिचे खेळ, आणि 100 मीटर धावण्याचा किंवा 50 मीटर मुक्तशैली पोहण्याचा जागतिक विक्रम मोडणाऱ्याला 10 लाख डॉलरचे बक्षीस. घोषणेच्या वेळीच ग्रीसच्या क्रिस्तियान गोलोमेयेव या जलतरणपटूने 50 मीटर अंतर 20.89 सेकंदांत कापल्याचे जाहीर करण्यात आले. सेझार सिएलो या ब्राझीलच्या खेळाडूचा 2009 सालचा विक्रम 20.91 सेकंदांचा होता. औषधांच्या जोडीला 2010 पासून स्पर्धांत बंदी असलेला पॉलियुरेथेनचा पोशाखही गोलोमेयेवच्या अंगावर होता, आणि जागतिक संघटनेने ही वेळ अर्थातच विक्रम म्हणून मानलेली नाही.

या कल्पनेची बाजू घेणारे शिकलेले लोक आपल्याकडेही भेटतात. शरीर ज्याचे त्याचे आहे, सज्ञान माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचे काय करावे हे त्याने ठरवावे, जे आज चोरून चालते ते उघडपणे चालले तर निदान सुरक्षित होईल, आणि चष्मा किंवा धावण्याचे बूट चालतात तर औषधच का चालू नये, असे त्यांचे म्हणणे असते. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. मात्र मी 31 वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गेली आठ वर्षे कराडजवळच्या एका मैदानावर पोलीस भरतीच्या मुलामुलींची तयारी विनामूल्य करून घेतो. माणसाने शरीराची निसर्गदत्त मर्यादा औषधाने ओलांडावी की नाही, हा प्रश्न आमच्या मैदानावर केव्हाच येऊन पोचला आहे. तिथून तो कसा दिसतो, ते या पत्रातून मांडण्याची परवानगी असावी.

ज्यांच्या घरात भरतीचा मुलगा नाही, त्यांच्यासाठी थोडा हिशेब सांगतो. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांसाठी 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. यातले 1600 मीटरचे पूर्ण गुण मिळवायचे तर अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत किंवा त्याआधी संपवावे लागते, आणि पुढे सेकंद वाढतील तसे गुण कमी होत जातात. मैदानी गुणांच्या क्रमाने एका जागेमागे दहा उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात. 2024 च्या भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका जागेला शंभर. मुले याला ‘ग्राउंड’ म्हणतात, आणि ‘ग्राउंडला किती पडले’ या एका प्रश्नावर घरातले पुढचे पाच वर्षांचे बोलणे ठरते. वय उलटत चाललेला, शेतीत भागत नसलेला, बहिणीचे लग्न डोक्यावर असलेला मुलगा सकाळी साडेचारला मैदानावर येतो तेव्हा त्याच्या लेखी दहा सेकंद म्हणजे काय असते, हे मी रोज पाहतो.

असाच एक मुलगा माझ्याकडे दोन वर्षे येत होता. 1600 मीटरला त्याची वेळ 5 मिनिटे 40 सेकंदांच्या आसपास अडकलेली होती. पायात ताकद होती, पण शेवटच्या चारशे मीटरला दम तुटायचा. भरतीच्या तीन आठवडे आधी तो एकाएकी 5 मिनिटे 16 सेकंदांत आला. मी सगळ्या मुलांसमोर त्याची पाठ थोपटली. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला शंका यायला हवी होती, ती आली नाही, कारण त्याने पास व्हावे असे मलाही फार वाटत होते. पाचव्या दिवशी तो धाव संपवून ओणवा झाला तो उठलाच नाही. छातीवर हात ठेवला तेव्हा ठोके मोजता येत नव्हते. रुग्णालयात रक्तदाब पाहून डॉक्टरांनी त्याच्या मित्रांना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनची कुपी बाहेर आली. मुलगा वाचला. त्या वर्षीची भरती गेली, आणि हृदयाच्या तक्रारीमुळे पुढची कधी देता येईल हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्याच्या आईने मला एकच विचारले, “गुरुजी, तुम्ही रोज बघत होता ना त्याला?”

मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी, विशेषतः कण्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली गेला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध. ते शरीरातले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बाहेर काढते, हृदय जोराने आकुंचन पावते आणि रक्तदाब काही मिनिटांत चढतो. मरणाच्या दारातल्या रुग्णासाठी ते वरदान आहे. निरोगी, तरुण, आधीच वेगाने धडधडणाऱ्या हृदयात तेच टोचले की थकवा जात नाही, थकव्याची जाणीव तेवढी जाते. ताकद वाढवण्यासाठी व्यायामशाळांतून याची अवैध विक्री करणाऱ्यांना सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात पोलिसांनी वेळोवेळी पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. भरतीच्या मैदानांवर सुया आणि कुप्या सापडल्याच्याही वाचल्या आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जे विकता येत नाही, ते मुलांना कुरिअरने घरपोच मिळते.

थकव्याच्या जाणिवेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मर्यादा ओलांडण्याची भाषा करणारे नेमके हेच विसरतात. आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. तिथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ कुस्ती झाल्यावर नियमाप्रमाणे मिळायला हवी ती अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, बाजू मांडायला आपला कोणी अधिकारी तिथे नव्हता, आणि लगेच पुढच्या कुस्तीला उभे राहावे लागले, असे आमच्या भागातली जुनी माणसे आजही हळहळून सांगतात. तो अर्ध्या तासाचा नियम कुस्तीने कशासाठी केला होता? पैलवान कितीही मोठा असला तरी त्याच्या शरीराला एक हद्द आहे आणि ती पाळणे हा खेळाचाच भाग आहे, हे मान्य करूनच ना? याउलट 1967 च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर रणरणत्या उन्हात टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू कोसळून मरण पावला. त्याच्या रक्तात अ‍ॅम्फेटामाइन सापडले होते. मेफेंटरमाइन हे त्याच कुळातले औषध आहे. शरीर ‘थांब’ म्हणत असताना ते ऐकू येऊ न देणे, याला मी मर्यादा ओलांडणे म्हणू शकत नाही.

आता ‘ज्याची त्याची निवड’ या मुद्द्याकडे येतो. भरतीचे गुण सेकंदांवर मिळत असले तरी लेखी परीक्षेचे बोलावणे इतरांच्या तुलनेतच येते. एकाने इंजेक्शन घेतले तर त्याचा फायदा होतो. दहांनी घेतले तर न घेणारा अकरावा मागे पडतो. सगळ्यांनी घेतले तर कटऑफ तेवढा वर चढतो, जागा तेवढ्याच राहतात, आणि पोलीस दलाला अधिक चांगला शिपाईही मिळत नाही. औषधाने मिळालेला लाभ असा सर्वांच्या हाती येताच नाहीसा होतो आणि धोका मात्र प्रत्येकाच्या अंगात शिल्लक राहतो. अशा ठिकाणी पहिल्याने केलेली निवड ही दुसऱ्यावर झालेली सक्ती असते. गेल्या हिवाळ्यात एका मुलीने मला सरळ विचारले, “सर, सगळे घेत असतील तर मी न घेऊन काय मिळवणार?” तिला मी उत्तर दिले, पण ते तिला पटले असे तिच्या चेहऱ्यावर दिसले नाही. ज्याला लास वेगासमध्ये लाखो डॉलर मिळणार आहेत त्याच्याकडे निदान नाही म्हणण्याची ऐपत असते.

डॉक्टरांच्या देखरेखीचा मुद्दा मला सर्वांत जास्त फसवा वाटतो, कारण तो प्रयोग जगाने एकदा पाहिलेला आहे. पूर्व जर्मनीत 1974 पासून सरकारी योजनेतून खेळाडूंना ओरल-ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या देण्यात येत. डॉक्टर होते, संशोधन संस्था होत्या, कोणाला किती मिलिग्रॅम दिले याच्या काटेकोर नोंदी होत्या. देखरेखीत कसलीच कसूर नव्हती. अनेक अल्पवयीन मुलींना त्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या गेल्या. यकृताचे आजार, स्त्रीरोग, कायमचे घोगरे झालेले आवाज हे त्यांच्या वाट्याला आले. 1986 साली गोळाफेकीत युरोपीय विजेती ठरलेली हायडी क्रीगर पुढे लिंगबदल शस्त्रक्रिया करून आंद्रेआस क्रीगर झाली आणि या कार्यक्रमाविरुद्ध उघडपणे बोलली. 2000 साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय प्रमुख मानफ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरवले. तिथले डॉक्टर खेळाडूचे नव्हते, पदकाचे होते. लास वेगासच्या आयोजक कंपनीचा हार्मोन आणि तत्सम उपचार सामान्य ग्राहकांना विकण्याचाही व्यवसाय आहे, तेव्हा तिथले डॉक्टर कोणाचे असतील, हा प्रश्न विचारायलाच हवा.

चष्मा आणि बुटांचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे, आणि नैसर्गिक व कृत्रिम यांच्यामध्ये ठळक रेघ असते असा दावा मी करणार नाही. 2009 साली रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत 43 जागतिक विक्रम झाले, ते पोशाखांच्या जोरावर, आणि संघटनेने ते पोशाख बंद केले. मार्कुस रेह्म हा जर्मन खेळाडू उजव्या गुडघ्याखाली कार्बनची पाती लावून लांब उडी मारतो. 2014 साली त्याने धडधाकट खेळाडूंना हरवून जर्मनीचे विजेतेपद मिळवले, तरी पात्यामुळे लाभ होत असावा या शंकेने त्याला युरोपीय स्पर्धेसाठी निवडले नाही. 2023 मध्ये तो 8.72 मीटर गेला. त्याच्यावर अन्याय झाला की नाही, यावर माझे मत दोनदा बदलले आहे. तरीही एक फरक मला स्पष्ट दिसतो. रेह्मची उडी पाहून कोणी आपला पाय कापून घेत नाही. वाढीच्या हार्मोनची कमतरता असलेल्या मुलाला ते हार्मोन दिले म्हणून त्याच्या वर्गातल्या इतरांना सुई टोचून घ्यावी लागत नाही. गमावलेले परत देणारे तंत्र शेजाऱ्यावर बोजा टाकत नाही. जे तंत्र एकाने वापरताच बाकीच्यांना ते वापरणे भाग पडते, त्याकडे त्या एकट्याचा खासगी प्रश्न म्हणून पाहता येणार नाही.

आपल्या देशाची स्थिती आधीच लाजिरवाणी आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2024 च्या आकडेवारीत भारतातील 7,113 नमुन्यांपैकी 260 दोषी आढळले. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणी अधिकारी आल्याची कुणकुण लागताच खेळाडू पसार झाले आणि पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उभा राहिला. ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे काम मात्र खेळाडूंपुरते आहे. ज्यांना खेळाडू म्हणून कोणी मोजत नाही ती भरतीची लाखो मुले कोणाच्याच नजरेत नाहीत.

म्हणून गृह विभागाकडे माझी पहिली विनंती अशी की, मैदानी चाचणीच्या दिवशीच प्रत्येक तुकडीतील चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या उमेदवारांचे आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांचे मूत्रनमुने मोहोरबंद घ्यावेत. ही औषधे शरीरात फार दिवस राहत नाहीत, त्यामुळे निवड यादी लागल्यावर होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचा त्यासाठी उपयोग नाही. अन्न व औषध प्रशासनाने मेफेंटरमाइनचा साठा कारखान्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत कुपीगणिक मोजावा. याहून महत्त्वाचे मला वाटते ते असे की, 1600 मीटरला सेकंदागणिक गुण देणेच थांबवावे आणि एक वाजवी वेळ ठरवून ती गाठणाऱ्या सर्वांना सारखे पात्र धरावे. निवड मग लेखी परीक्षेवर आणि इतर कसोट्यांवर व्हावी. शिपायाला पाच मिनिटे दहा सेकंदांत धावता येते की साडेपाच मिनिटांत, याने बंदोबस्तात फरक पडत नाही, पण त्या वीस सेकंदांसाठी मुले सुया टोचून घेत आहेत.

आमच्या मैदानावर आता दर रविवारी धावण्याआधी प्रत्येकाचा रक्तदाब आणि नाडी पाहून वहीत नोंदवली जाते. गावातील एका निवृत्त परिचारिका हे काम करतात. वही पालकांना दाखवली जाते. हृदयाची तपासणी करण्यासाठी महिन्यातून एक सकाळ देऊ शकणारे डॉक्टर कराड परिसरात असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत संपर्क साधावा, अशी विनंती आपण छापावी.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
कराड तालुका, जि. सातारा