'कमवा व शिका'ची मजुरी महिन्याच्या महिन्याला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती आहे. गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत प्रभातफेऱ्या निघतील, भाषणे होतील. कर्मवीरांनी रुजवलेल्या विचारावर आपल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत आजही 'कमवा व शिका' योजना चालते. तिच्यात काम करणाऱ्या मुलामुलींविषयी हे पत्र आहे. पुणे विद्यापीठात एम. ए. करताना मी स्वतः या योजनेत होतो. आता एका महाविद्यालयात शिकवतो आणि माझ्या वर्गातली काही मुले याच योजनेत काम करतात.

पुणे विद्यापीठाचे आवार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ती मुख्य इमारत येते. कधीकाळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तिथे पावसाळ्यात मुक्कामाला असत. 1949 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरांच्या बागेत शेतकऱ्यांची मुले वावरू लागली. त्या आवारातली जुनी झाडे, अनिकेत कॅन्टीनचा चहा, परीक्षा जवळ आली की जयकर ग्रंथालयात जागा धरण्यासाठी होणारी धावपळ, हॉस्टेलच्या खोलीत मित्राच्या आधाराने राहणारा 'पॅरासाइट', हे सगळे तिथून शिकून गेलेला प्रत्येक जण प्रेमाने सांगतो. 'कमवा व शिका'चे मस्टर मात्र या आठवणींत फारसे येत नाही. खरे तर आमच्यातल्या कितीतरी जणांचा दिवस त्या मस्टरवर सही करूनच सुरू व्हायचा.

कामे साधीच होती. कोणी बागेत आळी करून रोपांना पाणी घालायचा, कोणी विभागाच्या कार्यालयात टपाल आणि नोंदी सांभाळायचा. माझ्याकडे बराच काळ ग्रंथालयाचे काम होते. परत आलेली पुस्तके क्रमांकानुसार मांडणीत लावायची. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के असत, काही माझ्या जन्माच्याही आधीचे. अभ्यासक्रमाबाहेरची किती पुस्तके त्या कामामुळे हाताखालून गेली! एरवी त्या कपाटांकडे मी फिरकलोही नसतो. काम संपले की तिथेच वाचायला बसायचे, मग तास, मग मेस. काम करून शिकतो याची लाज कोणालाच वाटत नव्हती, कारण शेजारच्या खोलीतला मुलगाही तेच करत होता. मराठवाडा, खानदेश, सोलापूरकडून आलेली ही मुले. घरी पाऊस पडला की नाही हे आधी विचारायचे आणि पैसे मागायचे टाळायचे, ही त्यांची रीत. मेसचे बिल, परीक्षा शुल्क, झेरॉक्स एवढे या कामातून सुटले, तर वर्ष निभावून जायचे.

या योजनेचे मूळ विसरता येत नाही. कर्मवीरांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तिथली मुले शेतात राबत, स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसून जेवत. वसतिगृहातले धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामागचा आग्रह लक्षात घ्यायला हवा. राबणाऱ्या मुलाचे जेवण थांबता कामा नये, पैशांची सोय मोठ्यांनी करावी.

आज याच्या नेमके उलटे घडते. माझ्या पाहण्यातल्या महाविद्यालयांत मुलांनी जुलै-ऑगस्टमध्ये केलेल्या कामाचे पैसे दिवाळीनंतर, कधी सत्र संपता संपता हातात पडतात. हजेरीपत्रक विभागातून कार्यालयात जाते, तिथून लेखा विभागात, मग मंजुरी, मग निधीची वाट. प्रत्येक टेबलावरच्या माणसाजवळ काही ना काही कारण असते आणि ते खोटेही नसते. पण मेसवाला थांबत नाही, आणि त्याने तरी का थांबावे? मग मुलगा मित्राकडून उसने घेतो किंवा योजना सोडून रात्री घरोघरी पार्सल पोहोचवायला जातो, कारण तिथले पैसे आठवड्याला मिळतात. रात्री बारापर्यंत गाडीवर फिरलेला मुलगा सकाळच्या तासाला पेंगताना दिसतो. त्याला रागवायला माझी जीभ रेटत नाही. मुलींना तोही मार्ग नसतो. एका हुशार विद्यार्थिनीने दुसऱ्या सत्रात येणे बंद केले, तेव्हा तिच्या मजुरीचे पैसे कार्यालयात अडकलेले होते. ती रक्कम महाविद्यालयाच्या एखाद्या समारंभातल्या हार-तुऱ्यांच्या खर्चाहून कमी होती. हे मला अजूनही सहन होत नाही.

म्हणून माझे स्पष्ट म्हणणे आहे, की केलेल्या कामाचे पैसे पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा झालेच पाहिजेत. मंजुरी आणि अनुदान यायचे तेव्हा येवो, तोवर महाविद्यालयाने स्वतःच्या निधीतून ती रक्कम द्यावी आणि नंतर वळती करून घ्यावी. संस्थेला चार महिने कळ सोसता येते, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला येत नाही. तासाचा दर ठरवतानाही मेसच्या चालू दराकडे पाहावे. रोज दोन-तीन तास काम करणाऱ्याचे दोन वेळचे जेवण तरी त्यातून सुटायला हवे.

कामाच्या वाटपाबद्दलही थोडे. झाडलोट किंवा बागकाम हलके आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. कर्मवीरांच्या नावाने तसे म्हणताच येणार नाही. पण एकाच मुलाला तीन वर्षे मैदानाच्या कामावर आणि दुसऱ्याला तीन वर्षे संगणकापुढे ठेवू नये, कामे आळीपाळीने फिरावीत. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय इथले काम शिकलेल्याला रीतसर अनुभवाचा दाखला द्यावा. सत्र परीक्षेच्या पंधरवड्यात कामातून सूट असावी.

विद्यापीठांच्या अधिसभांवर आम्ही पदवीधरांनी निवडून पाठवलेले सदस्य आहेत. त्यांच्यातले काही जण स्वतः याच योजनेतून शिकले असतील. अर्थसंकल्पाच्या बैठकीत या योजनेसाठी किती तरतूद झाली, हे ते विचारतीलच. त्याबरोबर कोणत्या महाविद्यालयात किती विद्यार्थ्यांची किती महिन्यांची मजुरी थकली आहे, याची यादीही त्यांनी मागावी आणि ती वर्तमानपत्रांना द्यावी.

आपला,
एक प्राध्यापक, जि. अहिल्यानगर