विषय: पंखा बंद असताना आवाज येतो (होय, बंद असताना)

पावणेपाचला तुमच्या माणसाने माझ्या तक्रारीचं तिकीट तिसऱ्यांदा बंद केलं आणि वर "आणखी काही मदत करू का मॅडम" असं विचारलं, म्हणून हे लिहितेय. आणखी म्हणजे? आधी कुठली केली?

तुमचा १००० वॉटचा, गोल्डवाला, पूर्ण मॉड्युलर (सगळ्या केबल्स सुट्या) कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. माल तुमचाच आहे, वर्णन करत बसत नाही. खोक्यावर बोटभर उंच अक्षरात "सायलेंट" छापलंय. मी घरी आवाज रेकॉर्ड करते, डबिंग, ऑडिओबुक वगैरे, आणि रात्री त्याच मशीनवर व्हिडिओ रेंडरला लागतात म्हणून मोठं ग्राफिक्स कार्ड आणि त्या कार्डासाठी मोठा सप्लाय. मला वॉटही हवे होते आणि शांतताही. वॉट मिळाले. १२ व्होल्टची लाइन लोडखाली मल्टिमीटरवर १२.०६ दाखवते, ११.४ ते १२.६ चालतं, त्यामुळे तक्रार नाही. मशीन एकदाही आपोआप बंद पडलं नाही, तक्रार नाही. हे आधीच लिहून टाकते कारण दर वेळी तुमचे लोक मला व्होल्टेज बरोबर आहे हेच ऐकवतात. अहो आहे ना बरोबर, मी कधी नाही म्हटलं?

त्रास असा की कार्डावर काम पडलं की सप्लायच्या पोटात रातकिडा बसल्यासारखी बारीक किरकिर सुरू होते. साधं टाइमलाइन मागेपुढे सरकवलं तरी तिचा सूर बदलतो. कुठल्याही गेमच्या मेन्यूत फ्रेम्स सेकंदाला शेकड्यांनी धावायला लागल्या की ती किंचाळते, ६० ची मर्यादा घातली की खाली येते. आणि हे सगळं पंखा बंद असताना. तुमच्याच मॅन्युअलप्रमाणे ४० टक्के लोडपर्यंत पंखा फिरत नाही. मी टॉर्च लावून जाळीतून बघितलंय, पाती स्थिर आहेत आणि किरकिर चालू आहे. ही कॉइल व्हाइन आहे, करंट भराभर वरखाली झाला की कॉइलची गुंडाळी आणि ट्रान्सफॉर्मर सूक्ष्म थरथरतात, ती थरथर कानाच्या टप्प्यात आली की ऐकू येते. हे मी तुम्हाला शिकवायला नको, पण तुमच्या फोनवरच्या मुलाला शिकवावं लागलं.

तो आधी म्हणाला, मॅडम हा गोल्ड आहे, गोल्डला आवाज येत नाही. मी म्हटलं ८० प्लस गोल्ड म्हणजे कार्यक्षमता हो, अर्ध्या लोडला किमान ९० टक्के, म्हणजे ५०० वॉट द्यायला भिंतीतून जास्तीत जास्त ५५५ च्या आसपास घेणार आणि उरलेल्याची उष्णता होणार. उष्णता कमी म्हणून पंख्याला काम कमी, एवढाच काय तो आवाजाशी संबंध, कॉइलचं त्यात कुठेच येत नाही. यावर पाच सेकंद शांतता (तुमच्या सप्लायपेक्षा बरी शांतता) आणि मग साहेब विचारतात, "मॅडम, घरात कुणी टेक्निकल माणूस आहे का, त्यांच्याशी बोलतो." मी म्हटलं बोलतोय तोच आहे. तो म्हणाला, नाही म्हणजे मिस्टर किंवा भाऊ वगैरे. मी म्हटलं मिस्टरांना बोलावते पण त्यांना सप्लाय कुठला आणि मॉनिटर कुठला हे मलाच दाखवावं लागेल. तो हसला नाही. म्हणाला, ठीक आहे, फोन कॅबिनेटजवळ धरा. धरला. दहा सेकंद, मग वीस सेकंद, गुडघ्यांवर बसून, टेबलाखाली, वर डोकं आपटलं ते वेगळंच. "मला काहीच ऐकू येत नाहीये मॅडम." अरे बाबा, फोन एकसारखे येणारे आवाज गाळूनच पाठवतो, म्हणून तर तुझ्या मागे चाललेला पंखा मला ऐकू येत नाही. तर म्हणे, "आमच्या बाजूने आवाज कन्फर्म होत नाही, सो तिकीट क्लोज करतो." कानावर हात ठेवणं हा नुसता वाक्प्रचार आहे असं मला आजपर्यंत वाटायचं.

माझ्याकडे चांगल्या मायक्रोफोनवर केलेलं रेकॉर्डिंग आहे, आवाजाच्या आलेखात ९ किलोहर्ट्झजवळ सुळका सरळ उभा दिसतो. ते तुमच्या पोर्टलवर चढत नाही कारण फाइल ५ एमबीच्या वर आहे. लहान करून पाठवली तर त्यात तो सुळकाच कापला गेला. वा.

आणि हो, पंख्याची तक्रार वेगळी आहे, ती यात मिसळू नका, मागच्या वेळी मिसळली होती. माझं रेंडर नेमकं ४०० वॉटच्या आसपास चालतं म्हणजे बरोबर तुमच्या त्या ४० टक्क्यांच्या रेघेवर, त्यामुळे पंखा टक् करून सुरू होतो, वीसेक सेकंद घूं करतो, थांबतो, मिनिटभराने परत टक्. एकसंध हलका आवाज असला तर कान त्याला विसरतात, असल्या टक् घूं टक् घूं ला विसरत नाहीत. सुरू होण्याचं आणि थांबण्याचं तापमान यात थोडं अंतर ठेवलं असतं तरी भागलं असतं. यावर तुमचा उपाय, मागचं बटण दाबून पंखा कायम चालू ठेवा, म्हणजे किरकिर दबेल. एक आवाज झाकायला दुसरा आवाज! मग सायलेंट हा शब्द कशाला छापला, शाई उरली होती?

कार्डच आवाज करत असेल हे मला सांगू नका. कार्डंही करतात, मला माहितीये, म्हणून तपासलं. तुमचाच जुना ६५० वॉटचा सप्लाय माझ्याकडे आहे, सात वर्षं चालला, हूं की चूं नाही. कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून त्यावर तेच प्रोजेक्ट चालवलं, शांत. तीच लिमिट ठेवून नवा जोडला, किरकिर. शेवटी पुठ्ठ्याची लांब नळी कानाला लावून एकेक भाग ऐकला, डॉक्टरसारखी. सप्लायच आहे.

आधी एकदा तुमच्याच माणसाने "दुसऱ्या कंपनीच्या केबल्स लावून बघा" असा सल्ला दिला होता. मॉड्युलर केबलची सप्लायकडची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि चुकीची केबल लावली तर हार्ड डिस्क जळू शकते, ही सूचना तुमच्या मॅन्युअलमध्ये लाल चौकटीत आहे. ऐकलं असतं तर आज मी दुसरं पत्र लिहीत असते, वकिलाकडून.

वॉरंटीचं तर बोलायलाच नको पण बोलते. १० वर्षं वॉरंटी म्हणून फुशारकी, पाठवला, १९ दिवसांनी परत आला. मागच्या स्क्रूजवळ मी मार्करचा हिरवा ठिपका दिला होता. ठिपका तिथेच. सोबत चिठ्ठी, "तपासणी केली, दोष आढळला नाही". चिठ्ठीत रकाने आहेत, १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, पंखा फिरतो का, सगळीकडे टिक. आवाज हा रकानाच नाही. सायलेंट म्हणून विकता आणि आवाज तपासायला जागाच ठेवत नाही, मग दोष आढळणार कुठून? खोक्यावर २० डेसिबलपेक्षा कमी लिहिलंय ते तरी किती लोडला, किती अंतरावरून, आणि पंखा बंद असतानाचं धरलंय का, तेवढं कळवा. एकानेही सांगितलेलं नाही.

खरं सांगू का, चीड येते त्यापेक्षा वाईट वाटतं. त्या ६५० वॉटच्या भरवशावर मी चार जणांना तुमचंच नाव सांगितलंय, आता त्यांना तोंड चुकवत फिरतेय.

मला दुसरा नग हवा, तोच पुसून पाठवलेला नको, ठिपका मी परत देणार आहे आणि यावेळी कुठे ते सांगणार नाही. नाहीतर पैसे परत. १५ दिवसांत नाही झालं तर ग्राहक तक्रार दाखल करणार, आणि ते रेकॉर्डिंग जिथे जिथे हा सप्लाय विकला जातो तिथे रिव्ह्यूमध्ये टाकणार, पूर्ण व्हॉल्यूममध्ये, त्या लोकांकडे ५ एमबीची अट नाही.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका, फोनवर काही ऐकू येत नाही असं तुम्हीच कळवलंय.

(तिन्ही तिकीट नंबर, बिल, चिठ्ठीचा फोटो सोबत जोडलाय. मिस्टरांना विचारून नाही जोडला.)