आधी डोंगर चढ, मग बोअर मार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

मुळशीच्या प्लॉटिंगचा लेआउट पाहिला. मागे डोंगर, मधून ओढा, खालच्या अंगाला काळी माती. चार बोअर (पायासाठी जमीन तपासायची खोल भोकं) मारून अहवाल दे, असं तुला सांगितलंय. बोअर जरूर मार, पण सुरुवात तिथून करू नकोस. बोअरमधून त्या एका जागेखालचं कळतं. वरून काय येईल ते कळत नाही, आणि दरड काही सातबाऱ्याची हद्द बघून थांबत नाही.

भूकोश या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर दरडप्रवणतेचा नकाशा आहे, तो काढ. त्याचं प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे नकाशातला १ मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. आपल्या गटावर 'धोका कमी'चा रंग दिसला तरी निर्धास्त होऊ नकोस. कुठे पायी फिरायचं, एवढंच त्या नकाशावरून ठरव.

मग हद्द सोडून माथ्यापर्यंत जा. उताराला आडव्या, कोयत्यासारख्या वळलेल्या भेगा आहेत का? झाडं बुंध्यातच वाकलीत का? पाऊस सरल्यावरही ओलं राहणारे पट्टे कुठे आहेत? ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथे पंख्यासारखी पसरलेली जागा असेल, तर तिथे खड्डा घेऊन बघ. लहानमोठे धोंडे मातीत कसेही रुतलेले निघाले, तर तो जुन्या दरडीचा माल समज. हीच जागा सपाट आणि देखणी असते, म्हणून बंगले नेमके तिथेच आखले जातात. तिथे घर नको, हे अहवालात स्पष्ट लिही, कितीही आग्रह झाला तरी.

माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही गावं जुलैतल्या अतिवृष्टीत दरडीखाली गेली. आपल्या घाटात खाली कठीण काळा पाषाण आणि वर कुजलेला मुरूम व माती असते. मुरलेलं पाणी पाषाणात फारसं उतरत नाही, सांध्यावर तुंबतं. त्याचा दाब वाढला की वरच्या थराची पकड सुटते. त्यात रस्त्यासाठी पायथा उभा कापला, तर उताराचा टेकूच जातो. संरक्षक भिंत बांधली तरी पाण्याला वाट हवी: दर दीड मीटरला आडव्याउभ्या रांगांत ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, मागे खडी-वाळूचा गाळणथर. तो थर नसेल तर माती येऊन पाइप बुजतात आणि भिंत पाण्याच्या दाबाने पुढे झुकते. ओढा पाइपात घालून वर प्लॉट पाडायला संमती देऊ नकोस. धोंडे आणि पालापाचोळा अडकला की पाणी घरांत शिरतं.

आता बोअर. एसपीटी, म्हणजे ठोके मोजून जमिनीचा घट्टपणा बघायची चाचणी, हिचा ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो. नळी ४५ सेंटिमीटर आत ठोकतात, त्यापैकी पहिल्या १५ चे ठोके सोडायचे, उरलेल्या ३० चे धरायचे. हातोडा उसळू लागला की लगेच 'खडक लागला' असं लिहितात. तो मोठा धोंडाही असू शकतो, म्हणून आणखी किमान ३ मीटर कोअर, म्हणजे दगडाचा गोल दांडा, काढ. कोअर काढायचं बॅरल डबल ट्यूबचंच (नळीत नळी असलेलं) हवं, कारण दोन लाव्हाथरांमधली तांबडी, मातकट पट्टी साध्या बॅरलमध्ये पाण्याबरोबर वाहून जाते आणि कोअर मांडायच्या पेटीत वरचा-खालचा चांगला दगड एकाला एक लागून दिसतो. कुठल्या खोलीवर कोअर हरवला, हे ड्रिलरकडून तिथल्या तिथे लिहून घे. ती पट्टी कोरडी असताना घट्ट वाटते आणि भिजली की विरघळते. पाया तिच्यावर टेकू नये.

बोअर बुजवायच्या आधी दोन-तीन ठिकाणी भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप सोड आणि ऑगस्टपर्यंत पातळी मोजत राहा. मे महिन्यातल्या भूजलपातळीवर पाया ठरवणं धोक्याचं आहे.

काळ्या मातीची फुगवण चाचणी सोपी आहे, पण ती चुकवली की घरं तडकतात. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली १०-१० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात, दुसऱ्यात रॉकेलमध्ये २४ तास ठेव. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तिथलं आकारमान मूळ धरायचं. पाण्यातली वाढ ५० टक्क्यांवर गेली तर साधा उथळ पाया नको. थर पातळ असेल तर उकरून मुरमावर जा. जाड असेल तर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीतला, खाली फुगा असलेला काँक्रीटचा खांब), किमान साडेतीन मीटर खोल, फुग्याचा व्यास दांड्याच्या साधारण अडीच पट, आणि ग्रेड बीमखाली (पाइलांना वरून जोडणाऱ्या तुळईखाली) ८० मिलिमीटर पोकळी. गवंडी ती पोकळी मातीने भरून टाकतात आणि माती फुगली की बीम वर उचलला जातो. बीम ओतताना स्वतः उभी राहा.

नकाशातला भूकंपाचा झोन ही धोक्याची किमान पातळी धर. १९९३ ला किल्लारीचा भाग नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता.

बोअरलॉग (बोअरमध्ये कुठल्या खोलीवर काय लागलं याची नोंद) आणि कोअरपेट्यांचे फोटो पाठव, पेटीवर खोली लिहिलेली दिसेल असे. आणि सर्व्हेअरकडून एक मीटरचे कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) हद्दीच्या वर माथ्यापर्यंत घे. ते आले की पाणी कुठून कुठे जातं ते आपण दोघी बसून काढू.

तुझी,
आई