ज्वालामुखी पुरे, लंबक टांगा

संपादक महोदय,

शाळांच्या जाहिरातींत ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) आले की पाठोपाठ रोबोटचे किट येते. शाळांतली सरकारी योजनेची प्रयोगशाळा, अटल टिंकरिंग लॅब, सहावीपासून पुढच्या मुलांसाठी. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे विज्ञान ‘परिसर अभ्यासा’त, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला त्यांच्या वाट्याला थर्माकोलचा ज्वालामुखी: खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. खऱ्या ज्वालामुखीचा सोड्याशी काही संबंध नाही. मूल काही मोजत नाही आणि वर चुकीची समजूत घरी नेते.

चौथी-पाचवीला त्याऐवजी लंबक द्यावा. चार मुलांच्या गटाला न ताणणारा सुती दोरा, लोखंडी नट, पेन्सिल, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि सेकंदकाटा दिसणारे घड्याळ पुरते. पेन्सिल टेबलाच्या कडेबाहेर येईल अशी घट्ट चिकटवावी आणि नट लावलेला दोरा तिला बांधावा. दोरा हातात धरू नये, हात नकळत झोका देतो. लांबी गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजावी.

आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा: नट वाढवले तर झोके वाढतील की कमी होतील? मग ३० सेकंदांतले झोके मोजायचे (नट जाऊन परत आला की एक झोका). एका झोक्याचा वेळ काढताना येणारे अपूर्णांक टाळायला हीच रीत बरी. २५ सेंमीला ३०, ५० सेंमीला २१, १०० सेंमीला १५ झोके येतात. लांबी चौपट केली तर झोके निम्मे. (एक मीटरचा लंबक टेबलावरून जमिनीला टेकतो, तो दाराच्या चौकटीला टांगावा.)

गडबड कुठे होते, तेही सांगायला हवे. सोडतानाच मुले ‘एक’ म्हणतात. तिथे ‘शून्य’ म्हणायचे. नट फार लांब ओढला तर झोक्याला वेळ जास्त लागतो, म्हणून २५ सेंमीच्या लंबकाला चार बोटांपेक्षा जास्त ओढू नये. सर्वात फसवी चूक वजनाची. दोन सेंमीचे पाच नट एकाखाली एक बांधले की ३० ऐवजी २८ झोके येतात आणि वर्ग ठरवून टाकतो की वजनामुळे वेग घटला. खरे तर वजनाचा मध्य चार सेंमी खाली गेला, म्हणजे लांबीच वाढली. तेच नट एकाच गाठीत जुडीने, मध्य त्याच उंचीवर ठेवून बांधले की पुन्हा ३०. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना इथे पटते. फळ्यावर लिहून पटत नाही.

शेवटी आव्हान द्यावे: ३० सेकंदांत बरोबर २० झोके देणारा लंबक बनवा. मुले आधीच्या आकड्यांचा आलेख काढतात, दोरा कमी-जास्त करतात आणि ५६ सेंमीच्या आसपास पोहोचतात. विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकी एका दोऱ्यात येतात, किटची गरज पडत नाही.

शिक्षण विभागाला विनंती एवढीच की केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एक तास शिक्षकांना हे स्वतःच्या हाताने करू द्यावे, आणि विज्ञान दिनाला मॉडेलऐवजी खाडाखोडीसकट प्रयोगवह्या मांडाव्यात. २८ खोडून ३० लिहायला लावलेली वही मात्र प्रदर्शनात नको.

– प्राथमिक विज्ञान शिक्षकांचा एक गट, पुणे