अण्णांच्या मांड्यांबद्दल

बेळगाव

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

अण्णांचं धोतर सैल पडतंय, मोरीपर्यंत जाऊन आले की खाटेवर टेकतात, आणि घरचे 'वय झालं' म्हणतात, असं लिहिलंस. वयाचा वाटा आहेच, पण विडीनं फुप्फुसाबरोबर मांडीचं मांसही नेलंय. निपाणीकडे तंबाखूवर घरं उभी राहिली, त्यामुळे विडीला दोष द्यायला जीभ रेटत नाही. पण सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याच्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात, मांड्या वाळतात, हे खरं.

मांडीत सावकाश, दीर्घकाळ काम करणारे तंतू असतात; त्यांना ऑक्सिजन लागतो. या आजारात तेच घटतात आणि लवकर दमणारे उरतात. मग चार पावलांत पाय भरून येतात, दम लागतो, माणूस बसतो, आणि बसून मांडी आणखी वाळते. शिवाय फुप्फुसातली सूज रक्तावाटे अंगभर पसरते, नुसता श्वास ओढण्यातच बरंच अन्न जळतं. स्टिरॉइडच्या गोळ्या वरचेवर घेतल्या तर त्याही स्नायू झिजवतात. मात्र त्या आपल्या मनानं बंद करू नका.

वजनकाट्यावर विसंबू नकोस. मांस जाऊन चरबी राहिली तर आकडा तोच दिसतो. त्यापेक्षा खुर्ची भिंतीला टेकव, अण्णांना हात छातीवर बांधून पाच वेळा उठबस करायला लाव आणि मोबाइलवर वेळ मोज. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झालेत असं समज. तू जवळच उभा राहा.

त्यांना नुसतं निजवून ठेवू नका रे, हीच मोठी चूक होते. डॉक्टरांना विचारून आठवड्यातून तीन दिवस आठ-आठ उठबशांच्या दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विसावा. उठताना ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा. बरेच जण तिथंच श्वास कोंडतात आणि धापा टाकतात. दम मोकळा करणारा फवारा (इनहेलर) लिहून दिला असेल तर तो पंधरा मिनिटं आधी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा 88 टक्क्यांच्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबायचं. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात.

मूत्रपिंडं ठीक असतील तर 50 किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं हवीत. भाकरी-आमटीत तेवढी भरत नाहीत. दोन अंड्यांतून 12, अर्धा लिटर दुधातून 16, मूठभर शेंगदाण्यांतून 7 ग्रॅम मिळतात. वर हुलग्याचं माडगं. पोट तट्ट भरलं की श्वासाचा पडदा खाली उतरत नाही, म्हणून थोडं थोडं पाच वेळा द्या.

आणि विडी पूर्ण बंद. दिवसाला एकसुद्धा नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, मग व्यायाम करूनही मांडीला हवा तेवढा ऑक्सिजन पोचत नाही.

पाच उठबशांना किती सेकंद लागले, ते उत्तरात कळव. वहिनींना नमस्कार, अण्णांच्या पाया पडतो.

तुझा,
विलास