चंपाषष्ठीला माझं ताट वेगळं वाढू नका

नाशिक,
कार्तिकी पौर्णिमा

प्रिय आई आणि नाना,
साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेहून परत येऊन बारा दिवस झाले. फोनवर रोज बोलतोच, पण मी आजाराचं नाव काढलं की आई रडते आणि नाना 'बरं बरं' म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले. नाना, आईला हे सावकाश वाचून दाखवा.

भाऊबीजेच्या रात्री सगळ्यांच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, घोटलेली वांग्याची भाजी, ठेचा. माझ्यापुढे मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात. आई, तू ते मायेनंच केलं होतंस. मी मुकाट्यानं खाल्लं, पण रात्री झोप लागली नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं, मग कमरेखाली मुंग्या आल्या, तेव्हा गल्लीत सगळे 'वात आहे' म्हणाले. निदान झालं, नाव कळलं, तरी आपल्या घरातून तो वात गेला नाही. उडीद वातूळ, वांगं वातूळ, हरभरा वातूळ, दही नको, रात्री केळं नको. माझ्यासाठी एकेक करत अख्खं खानदेशच बंद झालं.

मला वात नाही, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नाना, विहिरीवरच्या मोटरची केबल उंदरांनी कुरतडली होती ते आठवतं? आत तार होती, पण वरचं आवरण गेलं आणि मोटर कधी चाले, कधी नुसती गुरगुरे. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरही असं आवरण असतं. रोगांपासून राखण करणारी शरीराची यंत्रणाच माझ्या त्या आवरणावर हल्ला करते. हायब्रीड बियाण्यांनी आणि खतांनी हे नवे आजार आले, असं तुम्ही म्हणालात. पण या आजाराचं वर्णन शार्को नावाच्या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये 1868 साली करून ठेवलंय.

आणि आई, तू मागे मोरीपाशी उभी राहून हळूच विचारलंस, 'मी लहानपणी तुला काही चुकीचं खाऊ घातलं का गं?' त्या वेळी मला नीट बोलता आलं नाही, आता सांगते. तुझ्या हातच्या जेवणानं हे झालेलं नाही. काही अंशी जन्मजात कल असतो, एका साध्या विषाणूचा संसर्ग बहुतेक सगळ्यांनाच केव्हातरी होऊन जातो त्याचा यात मोठा हात आहे, ड जीवनसत्त्व कमी असणं, तंबाखूचा धूर अशी कारणं एकावर एक साचत जातात. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा दुपटीतिपटीनं होतो. त्यात तुझा काहीही दोष नाही. तू हे मनातून काढून टाक. (नाना, धुराचं लिहिलंच आहे तर, मी आले की बिडी गोठ्याकडे जाऊन ओढा. सोडलीत तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.)

आता खाण्याचं. अमुक एक पदार्थ खाल्ला किंवा सोडला म्हणून हा आजार बरा होतो, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. दादानं मोबाइलवर पाठवलं होतं ना, गहू, दूध, तूप सगळं सोडा? मी सुरुवातीला दोन महिने सोडलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही. वजन उतरलं, जिना चढताना पाय लटपटायला लागले, आजाराचा हल्ला मात्र यायचा तो आलाच. गेल्या शतकात स्वँक नावाच्या डॉक्टरांनी रुग्णांना कितीतरी वर्षं अगदी कमी चरबीचं जेवण दिलं आणि त्यांना त्याचा गुणही दिसला. पण तसं न जेवणारे रुग्ण शेजारी ठेवून तुलना केली नव्हती, म्हणून त्यावरून पक्कं काही म्हणता येत नाही. आणि नाना, तुम्ही आणलेली ती पुडी मी घेतलेली नाही. तिच्यात काय आहे ते देणारा सांगत नाही, आणि वर इंजेक्शन बंद करा म्हणतो. माझे हल्ले कमी झालेत ते त्या इंजेक्शननं. ते मी थांबवणार नाही.

तरी मी जेवणाकडे बारकाईनं बघते, कारण आजार बरा होत नसला तरी त्याच्याबरोबरचे रोजचे दिवस जेवणावर फार अवलंबून आहेत. या आजारात आतड्याची हालचाल मंदावते. त्यात लघवीची घाई होते म्हणून मी पाणीच कमी प्यायचे, बसचा प्रवास असला की सकाळपासून घोटसुद्धा नाही. त्यानं पोट आणखी कडक झालं, लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, आणि तापात पायांतलं होतं नव्हतं ते बळ गेलं. आता तांब्या शेजारी ठेवून दिवसभर थोडं थोडं पिते. अशा पोटाला तुझा मऊ भात उपयोगाचा नाही, आई. त्याला ज्वारी हवी, सालीसकट दळलेला उडीद हवा, मेथी, पोकळा, अंबाडी हवी. म्हणजे कळण्याची भाकरी हवी! ज्या भाकरीपासून तू मला जपतेस तीच माझ्या कामाची आहे.

हल्ला आला तेव्हा पाच दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं होतं. त्यानंतर भूक अशी लागायची की रात्री उठून शेव, बिस्किटं, जे सापडेल ते खायचे. सहा किलो वजन वाढलं. पायांत बळ कमी आणि वर ओझं जास्त, याचा त्रास मलाच ठाऊक. म्हणून शेवभाजीवरची तर्री मी बाजूला करते, शेवभाजी सोडलेली नाही. स्टिरॉइडनं हाडंही ठिसूळ होऊ शकतात, म्हणून दूध, दही, तीळ, नागली रोज काही ना काही पोटात जातं. ड जीवनसत्त्व तपासणीत कमी निघालं होतं, त्याची पुडी डॉक्टर सांगतील तेव्हाच घेते. नाना, 'दोन घे, लवकर गुण येईल' असं नसतं. ते जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं. आपण अंडी-मासे खात नाही म्हणून बी12 सुद्धा तपासून घेते. ते कमी असलं तरी अशाच मुंग्या येतात, मग कशाचं काय ते कळत नाही. तू दिलेली जवसाची चटणी संपत आली आहे, अजून हवी.

स्वयंपाकाचं विचारत होतीस. बोटांना तव्याची धग लवकर कळत नाही, एकदा चांगलं भाजलं, तेव्हापासून भाकरी तुमचे जावई थापतात. पहिला महिनाभर नकाशे व्हायचे, आता पापुद्रा सुटतो. दुपारनंतर मला थकवा येतो. तो झोप काढली की जाणारा थकवा नाही, हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे होतात. म्हणून सकाळीच स्टुलावर बसून भाज्या निवडून ठेवते. संध्याकाळी काहीच जमलं नाही तर डाळ वाढवून खिचडी आणि कढी.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी आले नाही म्हणून आई अजून मनात धरून आहे. खापराची पुरणपोळी आणि आमरस सोडून राहायला मला तरी कुठे आवडलं? पण त्या दिवसांत आपल्याकडे पारा 43-44 वर असतो. आवरण गेलेल्या नसा उन्हानं आणखी मंदावतात, डोळ्यापुढे परत धुकं येतं, पाय उचलत नाहीत. अंग थंड झालं की ते जातं, नवीन इजा होत नाही, पण भर अंगणात तुम्ही मला तशी पाहावं असं वाटलं नाही. माझं माहेरपण आता थंडीतच ठेवा.

म्हणून चंपाषष्ठीला येते आहे. 2016 साली जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाचं कात्रण नानांनी देवघरातल्या फळीवर ठेवलंय, आणि त्याच घरात मला चार वर्षं भरीत मिळालेलं नाही. नाना, बामणोदची वांगी आणा, मोठी, हिरवी, हाताला हलकी लागणारी. कपाशीच्या काड्या मळ्यात जपून ठेवा, गॅसवर भाजू नका. आई, मिरच्या वांग्यांबरोबरच भाज, पातीचा कांदा भरपूर घाल, तेल थोडं हात राखून. पुऱ्या सगळ्यांसाठी कर, मला कळण्याची भाकरी दे, आणि पंगतीत दादाच्या शेजारी बसव. खाली बसून उठता येत नाही, तेवढा ओसरीवरचा पाट उंच करून ठेवा.

भुसावळला सकाळी उतरू. स्टेशनवर या, पण बॅग मला उचलू द्या.

तुमची मोठी