सुटा भाग खरा की नकली, हे लिहिणे विक्रेत्यावर बंधनकारक करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुले मोठी झाली की लेगोचा, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिक ठोकळ्यांच्या खेळण्याचा, डबा आधी पलंगाखाली सरकतो, मग माळ्यावर चढतो आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत त्याचा फोटो काढून तो जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात विक्रीला लागतो. यात गैर काहीच नाही. 1958 सालचा ठोकळा आज कारखान्यातून निघालेल्या ठोकळ्यावर नीट बसतो, इतकी ही वस्तू टिकाऊ आहे. ती एका घरातून दुसऱ्या घरात गेलीच पाहिजे. त्यात आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले, त्यामुळे नव्या संचापेक्षा जुन्या मालाकडे वळणे साहजिकच आहे. दुखणे वेगळे आहे. या बाजारात बनावट सुटे भाग खऱ्या भागांत मिसळून, त्याविषयी अवाक्षरही न लिहिता विकले जातात.

अख्खा नकली संच ओळखणे अवघड नसते. खोक्यावर नाव दुसरेच असते, छपाई हलकी असते. खरी फसवणूक होते ती मिनिफिगरमध्ये, म्हणजे 1978 पासून या संचांबरोबर येणाऱ्या छोट्या माणसांमध्ये. असा एक माणूस नऊ तुकड्यांचा असतो: धड, दोन हात, दोन पंजे, कंबर, दोन पाय आणि डोके. केस किंवा शिरस्त्राण धरले तर दहा. या दहांपैकी किंमत बहुतेक वेळा दोनतीन छापील तुकड्यांना असते. साध्या काळ्या पायांना कोणी विचारत नाही. छापील धड आणि शिरस्त्राण यांवर भाव ठरतो. म्हणून विक्रेता पाय खरे ठेवतो, पंजे खरे ठेवतो आणि धड नकली चढवतो. फोटोत ते कळत नाही. घेणारा पायाखालची कंपनीची खूण पाहून निर्धास्त होतो आणि पैसे देऊन बसतो.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण त्यावर नेहमी वाद होतो. लेगोला बसणारा ठोकळा बनवणे हा गुन्हा नव्हे. मूळ ठोकळ्याचे पेटंट केव्हाच संपले आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले की ठोकळ्याचा आकार हे त्याचे काम आहे, त्यावर व्यापारचिन्ह म्हणून कायमची मालकी सांगता येणार नाही. तेव्हा एखादी कंपनी स्वतःच्या नावाने तसे ठोकळे विकत असेल तर ती प्रामाणिक स्पर्धा आहे, आणि ज्या घरात मुलांना नुसते खेळायचे आहे तिथे ते ठोकळे घ्यावेत. मिनिफिगरचे तसे नाही. त्याच्या आकारावरचे त्रिमितीय व्यापारचिन्ह युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने 2015 मध्ये कायम ठेवले. त्यावर कंपनीचे नाव कोरून, हुबेहूब छपाई करून तो ‘ओरिजिनल’ म्हणून विकणे याला स्पर्धा म्हणता येत नाही. चीनमध्येही हे खपवून घेतले गेले नाही. शांतौ इथल्या एका नकली कारखान्यावर 2019 मध्ये धाड पडली आणि पुढच्याच वर्षी शांघायच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला 6 वर्षे कैद आणि 9 कोटी युआन दंड सुनावला. तरीही माल थांबलेला नाही. तो आता संचाऐवजी सुट्या पिशवीतून येतो, एवढाच बदल.

नकली भाग ओळखायचा कसा? आधी माणूस नीट सुटा करावा. डोके सरळ वर ओढावे, मग धड कमरेवरून सरळ वर ओढावे. पिळू नये. हात धडातून कधीही उपटू नयेत. खांद्याच्या खोबणीपाशी प्लास्टिकवर आधीच ताण असतो, तिथे धडाला तडा जातो आणि खरा भागही निकामी होतो. डोके काढल्यावर मानेच्या खुंटीवर बारीक अक्षरांत नाव कोरलेले दिसते. धड काढल्यावर कमरेच्या वरच्या भागातही पाहावे. नाव नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. पण नाव आहे म्हणून भाग खरा, असे मात्र समजू नये. चांगल्या प्रतीचे बनावट साचे आता नावासकट येतात. फोटो पाहून निकाल देणारे सर्वांत जास्त फसतात ते इथेच.

त्याहून खात्रीची खूण छपाईची. खऱ्या धडावर पॅड प्रिंटिंग, म्हणजे मऊ गादीने उठवलेली छपाई असते: रंगाचा थर सपाट, कडा रेखीव. सध्या बाजारात येणारे बरेच नकली धड यूव्ही प्रिंटरवर छापलेले असतात. दहापट मोठे दाखवणारे घड्याळजीचे भिंग लावले की रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, आणि नखाने हलके चाचपले तर थर किंचित उचललेला लागतो. गडद धडावरचा पांढरा किंवा त्वचेचा रंग फिकट, आरपार दिसणारा असेल तर सावध व्हावे. मात्र गडद रंगावरची खरी छपाईही कधीकधी पातळ पडते, म्हणून एवढ्यावर निर्णय घेऊ नये. मग बसण्याची परीक्षा घ्यावी. खऱ्या ठोकळ्याची खुंटी 4.8 मिमी व्यासाची असते आणि पंजात 3.2 मिमी जाडीची दांडी बसते. ज्याची खात्री आहे असा एक ठोकळा आणि एक दांडी जवळ ठेवावी. खरे पाय खुंट्यांवर घट्ट बसतात पण सहज निघतात. नकली पाय एकतर डगमगतात, नाहीतर इतके आवळून बसतात की ओढताना कंबरच निखळते. साचा झिजला की हे असे होते. एका भागात अर्धा दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी पकड जाते.

कापडी अंगरखे, शस्त्रे आणि स्टिकर यांबाबत फार लिहीत नाही. कापडाची कापलेली कड उसवून धागे निघत असतील तर ते कापड बहुधा मूळचे नाही. जुन्या संचांचे स्टिकर नव्याने छापून विकणे हा उघड धंदा आहे, आणि ‘पुनर्मुद्रित’ असे लिहून विकले तर त्यात मला वावगे दिसत नाही.

याच्या उलट, ज्या गोष्टींवरून लोक खऱ्या भागाला नकली ठरवतात त्याही सांगायला हव्यात, कारण त्यात प्रामाणिक विक्रेता भरडला जातो. पांढरा आणि जुना करडा रंग उन्हाने पिवळा पडतो. तो एबीएस या ठोकळ्यांच्या प्लास्टिकचा धर्म आहे. तपकिरी आणि गडद लाल रंगाचे काही वर्षांतले खरे भाग कुप्रसिद्ध ठिसूळ आहेत, हातात घेताच मोडतात. काखेखाली बारीक चीर गेलेली खरी धडे ढिगाने सापडतात. आणि परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या संचावर आयएसआय चिन्ह नसणारच. आपल्याकडे खेळण्यांवर ते चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे झाले, म्हणजे त्याआधीच्या संचावर ते शोधण्यात अर्थ नाही.

काळाचा मेळ पाहणे हा माझ्या मते सर्वांत उपयोगी उपाय, आणि त्याला भिंगही लागत नाही. 2004 च्या सुमारास कंपनीने करडा रंग बदलून त्यात निळसर छटा आणली. त्यामुळे ‘2001 चा, न वापरलेला संच’ म्हणून दाखवलेल्या फोटोत निळसर करडे ठोकळे असतील तर भाग बदललेले आहेत, मग ते खरे असोत की खोटे. तसेच चेहऱ्यांचे. 1999 मध्ये स्टार वॉर्स या चित्रपटमालिकेवरचे संच आले तेव्हा त्यांतली माणसे पिवळ्या चेहऱ्याची होती; त्वचेच्या रंगाचे चेहरे त्या मालिकेत सर्रास दिसू लागले ते 2004 पासून. 1999 चा माणूस गुलाबट चेहऱ्याने विकायला आला तर डोके नंतरचे आहे. ब्रिकलिंक या लेगो भागांच्या खरेदीविक्रीच्या संकेतस्थळाच्या सूचीत (2019 पासून ते लेगो कंपनीच्याच मालकीचे आहे) प्रत्येक मिनिफिगरचे डोके, धड, पाय आणि शिरस्त्राण क्रमांकानिशी दिलेले असते. पैसे देण्याआधी पाच मिनिटे काढून ते ताडून पाहावे.

सर्वांत जास्त नक्कल होते ती दुर्मिळ माणसांची. 2003 च्या क्लाउड सिटी या 10123 क्रमांकाच्या स्टार वॉर्स संचातला बोबा फेट हा माणूस घ्या. त्याच्या हातापायांवरही छपाई होती, आणि म्हणून त्याचा भाव हजार डॉलरच्या पुढे जातो. 2013 मध्ये जगभर फक्त 5,000 काढलेला मिस्टर गोल्ड हा सोनेरी माणूस दुसरा. यांपैकी काही अगदी स्वस्तात दिसले तर ‘विकणाऱ्याला किंमत ठाऊक नसेल’ या आशेवर राहू नये. विक्रेत्याकडे मागायचे फोटो ठरलेले आहेत: डोके काढून मान, धड काढून कंबर, धडाची पाठ, पायांचा तळ, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद. सूचीतला चकचकीत फोटो उचलून लावणाऱ्याला हे देता येत नाही. पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ घ्यावा, पाकिटावरचा पत्ता दिसेल असा. त्याशिवाय परतावा मागताना हातात काही नसते.

जाहिरातीतले शब्दही नीट वाचावेत. ‘कंपॅटिबल’, ‘फर्स्ट कॉपी’, ‘ओरिजिनल क्वालिटी’ म्हणजे नकली. ‘कस्टम’ हा शब्द मात्र दुधारी आहे. खऱ्या कोऱ्या धडावर स्वतःचे चित्र छापणारे गुणी कारागीर आहेत, आणि त्याच शब्दाआड लपणारे लबाडही.

आता कायद्याचे. बनावट व्यापारचिन्ह असलेला माल विकल्यास 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम 104 खाली 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. पुरेशी काळजी घेऊनही माहीत नव्हते, असे सिद्ध करणाऱ्याला त्यातून सूट मिळते, आणि ती योग्यच आहे; माळ्यावरचा डबा विकणाऱ्या गृहिणीला कोणी गुन्हेगार ठरवू नये. पण अडचण पुढे आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे, विक्रेत्याचा तपशील दिसायला हवा. हे नियम वैयक्तिक, अधूनमधून होणाऱ्या विक्रीला लागू नाहीत. नेमका हाच आडोसा घेऊन महिन्याला शेकडो सुटे मिनिफिगर विकणारे ‘घरातले जुने सामान’ म्हणून वावरतात. आणि बाजार चालवणाऱ्या कंपन्या आम्ही केवळ मध्यस्थ, असे सांगून मोकळ्या होतात. मध्यस्थाला संरक्षण आहे, पण योग्य दक्षता घेण्याच्या अटीवर.

म्हणून या कंपन्यांकडे मागणी अशी आहे. खेळण्यांच्या वर्गात जाहिरात देताना ‘सर्व भाग मूळ’, ‘काही भाग अन्य बनावटीचे’ आणि ‘माहीत नाही’ यांपैकी एक निवडल्याशिवाय जाहिरात पुढे जाऊ नये. ‘माहीत नाही’ हा पर्याय हवाच, नाहीतर प्रामाणिक माणूसही खोटे लिहील. एकाच खात्यावरून तोच मिनिफिगर महिन्यात पाचदहा वेळा विकला गेला की ते खाते व्यावसायिक धरून त्याला वरचे नियम लावावेत. खात्याची विक्री मोजणे त्यांना मुळीच अवघड नाही. आणि तक्रारीच्या यादीत ‘बनावट’ याबरोबर ‘भाग बदललेले’ असा वेगळा पर्याय द्यावा. आज नऊपैकी एक भाग नकली असल्याचे कळवायला जागाच नाही, त्यामुळे तक्रार ‘वस्तू वर्णनाप्रमाणे आहे’ या शेऱ्यासह परत येते. फसलेल्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर नोंद करावी.

ज्यांच्या डब्यात असे भाग आधीच निघाले आहेत त्यांच्यासाठी एक विनंती. ते पुन्हा मूळ भागांत टाकू नका. मिसळण खरी पसरते ती इथूनच, कारण पुढचा विक्रेता ते भाबडेपणाने पुढे ढकलतो. धडाच्या आतल्या बाजूला न पुसली जाणारी काळी खूण करा, वेगळ्या पिशवीत ‘अन्य बनावट’ अशी चिठ्ठी घालून ठेवा. त्यांवर ना परवाना क्रमांक असतो ना कसले चिन्ह, म्हणून लहान मुलांच्या हाती न देता थोरांच्या प्रदर्शनात किंवा छायाचित्रणासाठी वापरा. पायांचे आणि पंजांचे सुटे खरे भाग मात्र फेकू नका. अर्धवट राहिलेल्या खऱ्या माणसांना तेच लागतात.

आपला,
एक संग्राहक वाचक, ठाणे